‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर की माघार?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

निफाड तालुक्यातल्या एका गावातून रोज नाशिकला नोकरीसाठी येणाऱ्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले, पुढे त्या बी.कॉम. झाल्या आणि गेली काही वर्षे द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रांचे व पत्रव्यवहाराचे काम पाहतात. यंदाच्या हंगामात नेदरलँड्समधल्या एका ग्राहकाने मागच्या आठवड्याचा कमी भाव पुन्हा मिळेल का, अशी विचारणा केली. मालकांनी ‘विचार करून गुरुवारपर्यंत सांगू, तसे कळवून टाक’ असे सांगितले. त्यांनी मेलमध्ये लिहिले, ‘वुई विल रिव्हर्ट टू द अर्लिअर रेट बाय थर्सडे.’ ग्राहकाने हा होकार समजून जुन्या भावाने ऑर्डर पक्की केल्याचे कळवले. फोनाफोनी झाली, फरक दोघांनी निम्मा निम्मा सोसला आणि प्रकरण मिटले. परंतु नव्याने रुजू झालेल्या व्यवस्थापकांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना मेल पाठवून ‘रिव्हर्ट म्हणजे रिप्लाय नव्हे, हे शाळेतच शिकायला हवे होते’ असे सुनावले. तेव्हापासून प्रत्येक मेल सहकाऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय पाठवण्याचा धीर या भगिनीला होत नाही. त्या विचारतात: हा शब्द खरोखर चुकीचा आहे का? मालक स्वतः प्रत्येक मेलच्या शेवटी ‘काइंडली रिव्हर्ट बॅक’ लिहितात, त्यांना सांगावे का? मराठी माध्यमामुळे आपण कायमच मागे राहणार का? आणि कॉलेज रोडवरच्या एखाद्या इंग्रजीच्या क्लासला पैसे भरावेत का?

(ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.)

उत्तर:

नमस्कार. ज्या एका वाक्यातून हा सगळा गुंता झाला, तिथूनच सुरुवात करू. तुमच्या मनातले वाक्य होते, ‘मागच्या भावाबद्दल गुरुवारपर्यंत कळवतो.’ मेलमध्ये उतरलेल्या इंग्रजी वाक्याचा अर्थ मात्र ‘गुरुवारपर्यंत मागच्या भावावर येतो’ असा झाला. ही दोन वाक्ये पिंपळगावच्या बाजार समितीत कोणी उच्चारली, तर त्यांतला फरक समजायला शब्दकोश लागणार नाही. पहिल्यात बोलणी चालू आहेत, दुसऱ्यात सौदा झाला आहे. ग्राहकाने मुद्दाम सोयीचा अर्थ काढला असावा, अशी शंका तुमच्या पत्रात एके ठिकाणी डोकावते. मला तसे वाटत नाही. त्याच्यापुढे जे वाक्य आले, त्याचा सरळ अर्थ तोच होता.

घात केला तो ‘टू’ या लहानशा शब्दाने. प्रमाण इंग्रजीत ‘रिव्हर्ट टू’ म्हटले की पुढे पूर्वीची स्थिती येते, पूर्वीची सवय येते, पूर्वीचा मालक येतो किंवा मघाशी अर्धवट सुटलेला विषय येतो. आणि तुमच्या वाक्यात पुढे नेमका ‘पूर्वीचा भाव’ येऊन बसला. त्या जागी ‘ऑन’ असते, तर वाक्य त्या ग्राहकाच्या कानाला विचित्र लागले असते, तो अडखळला असता आणि ‘म्हणजे काय?’ असे विचारणारी एखादी ओळ त्याने पाठवली असती. ‘टू’मुळे त्याला अडखळायला जागाच उरली नाही. व्याकरण चुकलेले वाक्य व्यवहारात एक वेळ परवडते, कारण वाचणारा थांबतो. शुद्ध असून भलताच अर्थ सांगणाऱ्या वाक्यापाशी कोणी थांबत नाही. म्हणून तुमच्या व्यवस्थापकांनी शाळेचा उद्धार केला, तो निदान या प्रसंगी तरी गैरलागू होता. ते वाक्य इंग्रजी म्हणून निर्दोष होते, फक्त ते तुमच्या मालकांचे म्हणणे नव्हते.

आता शब्दाकडे येऊ. ‘रिव्हर्ट’ हे क्रियापद लॅटिनमधल्या ‘मागे वळणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. त्याच्या पोटातला ‘वर्ट’ आणि संस्कृतातला ‘वृत्’ हे धातू एकाच प्राचीन मुळाचे आहेत, म्हणजे आपले आवृत्ती, निवृत्ती, परावृत्त हे शब्द त्याचे दूरचे नातलग लागतात. ‘परत वळणे’ हा गाभा इंग्रजीने आजवर सोडलेला नाही. सातपूरच्या किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला भूखंड उद्योजकाच्या मालकीचा होत नाही, एमआयडीसी तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. असा पट्टा संपून जमीन पुन्हा मूळ मालकाकडे जाते, तेव्हा कायद्याच्या इंग्रजीत ती ‘रिव्हर्ट’ होते. मोबाइल बिघडला की आपण त्याला मूळ सेटिंगवर नेतो, तेही ‘रिव्हर्ट’ करणेच. पांढऱ्या पट्ट्यांचा मनीप्लांट अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला की नवी पाने साधी हिरवी येऊ लागतात, त्यालाही बागकामाच्या इंग्रजीत हेच क्रियापद आहे.

सरकारी नोकरीतल्या वाचकांना तर हा शब्द निराळ्याच कारणाने परिचित असेल. तात्पुरती बढती मिळालेल्या कर्मचाऱ्याला पुन्हा मूळ पदावर पाठवले, की कार्यालयात ‘त्याला रिव्हर्ट केले’ असे म्हणतात. ते शिक्षा म्हणून केले असेल, तर राज्यघटनेच्या कलम ३११ मधल्या पदावनतीविरुद्धच्या संरक्षणाचा प्रश्न उभा राहतो आणि प्रकरण थेट न्यायालयात जाते. त्याच कार्यालयातून, त्याच दिवशी, ‘प्लीज रिव्हर्ट’ असा शेरा मारलेले पत्र निघते आणि ते वाचून कोणालाही आपली बढती गेल्याची धास्ती वाटत नाही. एकाच क्रियापदाचे दोन अर्थ एकाच टेबलावर गुण्यागोविंदाने नांदतात, कारण वाचणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतात. तुमच्या ग्राहकाला एकच ठाऊक होता, इतकाच काय तो फरक.

मग हा दुसरा अर्थ चुकीचा म्हणायचा का? माझे उत्तर व्यवस्थापकांच्या उत्तराइतके ठाम नाही. ‘उत्तर देणे’ या अर्थाने ‘रिव्हर्ट’ भारतात सर्रास चालतो, सिंगापूर आणि मलेशियातल्या कार्यालयांतही चालतो. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या ऑक्सफर्डच्या शब्दकोशात हा अर्थ ‘भारतीय इंग्रजी’ असा शेरा मारून नोंदलेला आहे. शब्द तिथवर कसा पोचला, ती वाटही समजण्याजोगी आहे. ‘या विषयाकडे पुन्हा वळू’ हा जुना, सर्वमान्य अर्थ. त्यावरून ‘या विषयावर तुमच्याकडे पुन्हा वळू’ आणि त्यावरून ‘उत्तर देऊ’. शिवाय आपल्याकडे पत्राच्या शेवटी ‘उलट टपाली कळवावे’ असे लिहिण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या होती. उत्तर म्हणजे उलट फिरून येणारी गोष्ट, ही कल्पना आपल्या मनात आधीच पक्की असल्यामुळे ‘रिव्हर्ट’ आपल्याला परका वाटला नसावा, असा माझा तर्क आहे.

तेव्हा शब्द चुकीचा आहे की बरोबर, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. तो कोण वाचणार आहे आणि त्याने उलटा अर्थ घेतला तर भुर्दंड कोणाला पडणार आहे, हे विचारले की उत्तर लगेच हाती येते. न्हावा शेवा बंदरातल्या तुमच्या एजंटाला, नाशिकमधल्या तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटना किंवा पुण्यातल्या पुरवठादाराला ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिले, तर काहीही बिघडत नाही. रॉटरडॅमच्या ग्राहकाला लिहिले, तर बिघडू शकते. त्यातही एक गोष्ट लक्षात घ्या. तो ग्राहक स्वतःही जन्माने इंग्रजी बोलणारा नाही, त्याची मातृभाषा बहुधा डच आहे. त्याने इंग्रजी तुमच्यासारखीच शिकून घेतली आणि त्याच्या पुस्तकात भारतीय कार्यालयातला अर्थ नव्हता. लंडनचा एखादा मुरलेला जहाज-दलाल भारतीय पत्रव्यवहाराला सरावलेला असल्यामुळे तुमचे वाक्य कदाचित ओळखू शकला असता. शिकून घेतलेली इंग्रजी वापरणाऱ्याकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

मराठी माध्यमाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते वाचून मला वाईट वाटले आणि थोडे आश्चर्यही वाटले. आठवून पाहा, ‘रिव्हर्ट’ हा शब्द तुम्ही शाळेत शिकलात का? शाळेत पत्राच्या उत्तराला ‘रिप्लाय’ म्हणतात, मराठी माध्यमातही आणि इंग्रजी माध्यमातही. ‘रिव्हर्ट’ तुम्हाला कार्यालयाने शिकवला, मालकांच्या मेलने, एजंटांच्या मेलने, बँकेच्या पत्रांनी. तो वापरणाऱ्यांत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले, एमबीए झालेले, मोठ्या कंपन्यांच्या वरच्या मजल्यांवर बसणारे असंख्य लोक आहेत. उलट तुम्ही शाळेतल्या साध्या इंग्रजीवर विसंबून राहिला असतात, तर हा घोटाळा झालाच नसता. ज्या शब्दाने आपण ‘ऑफिसचे’ दिसू असे वाटले, त्याने दगा दिला. आणि दोष मात्र जाऊन बसला शाळेच्या माथी.

शब्दांचे असे उलटसुलट अर्थ केवळ आपल्याच वाट्याला येतात, हाही समज सोडून द्या. ‘टेबल’ हे इंग्रजी क्रियापद घ्या. ब्रिटनमध्ये एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ तो बाजूला ठेवून देणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या एका बैठकीत ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते तो ‘टेबल’ करू म्हणाले. अमेरिकी अधिकाऱ्यांनी विषय महत्त्वाचा आहे, तो ‘टेबल’ करू नका, असा आग्रह धरला. आणि दोघांना एकच गोष्ट हवी आहे हे लक्षात येईपर्यंत लांबलचक, कडवट वाद झाला, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या आठवणींत नोंदवले आहे. त्या खोलीतले दोन्ही पक्ष इंग्रजीच बोलत वाढलेले होते.

आता प्रत्यक्ष कामाचे. ‘रिव्हर्ट’ लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ‘कशाकडे परत?’ त्याचे उत्तर ‘जुन्या भावाकडे’, ‘जुन्या पॅकिंगकडे’, ‘आधीच्या वेळापत्रकाकडे’ असे येत असेल आणि खरोखर तुम्हाला तेच म्हणायचे असेल, तर शब्द बिनधास्त लिहा. समजा, ग्राहकाने मध्येच पाचशे ग्रॅमच्या पनेटऐवजी (द्राक्षांच्या लहान प्लास्टिक डबीऐवजी) वेगळे पॅकिंग मागवले आणि दोन कंटेनरनंतर त्याला पुन्हा पाचशेचेच पनेट हवे झाले. अशा वेळी ‘वुई विल रिव्हर्ट टू द अर्लिअर पॅकिंग’ हे वाक्य अचूक आहे आणि ते तुम्ही भीतीपोटी टाळू नये. व्यवस्थापकांच्या मेलनंतर हा शब्दच वाळीत टाकायचा, असे तुम्ही ठरवल्याचे पत्रावरून दिसते. तसे करू नका.

‘कशाकडे परत?’ याचे उत्तर ‘तुमच्याकडे, निरोप घेऊन’ असे येत असेल, तर परदेशी पत्रात ‘रिव्हर्ट’ नको. त्या जागी ‘रिप्लाय’ आहे, ‘लेट यू नो’ आहे, ‘गेट बॅक टू यू’ आहे, आणि निर्णय द्यायचा असेल तर ‘कन्फर्म’ आहे. यांपैकी ‘लेट यू नो’ मला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण ते मराठीतल्या ‘कळवतो’च्या अगदी जवळचे आहे आणि त्यात होकार किंवा नकार असे काहीच गृहीत धरलेले नाही. ‘कन्फर्म’ जरा जपून वापरा. ‘वुई विल कन्फर्म द रेट बाय थर्सडे’ या वाक्यातूनही भाव जवळजवळ ठरल्याचा वास येतो.

तुमचेच वाक्य मी असे लिहिले असते: ‘वुई हॅव नॉट डिसायडेड ऑन द अर्लिअर रेट येट. वुई विल लेट यू नो बाय फाइव्ह पीएम इंडियन टाइम ऑन थर्सडे.’ दोन वाक्ये झाली, पण पहिल्याने सौद्याचे दार बंद नाही आणि उघडेही नाही, हे स्पष्ट सांगितले. दुसऱ्यात मी वेळ घातली आहे, तीही मुद्दाम. ‘गुरुवारपर्यंत’ म्हणजे गुरुवार धरून की बुधवार संपेपर्यंत, आणि दिवस कोणाच्या घड्याळाने संपायचा, हे प्रश्न तुमच्या मूळ वाक्यात तसेच लोंबकळत होते. फेब्रुवारीत नाशिकला संध्याकाळचे पाच वाजतात, तेव्हा नेदरलँड्समध्ये दुपारचे साडेबारा झालेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळे एक तास पुढे सरकतात, म्हणजे ऐन हंगामात हा फरक साडेचार तासांवरून साडेतीन तासांवर येतो. शीतगृहात माल प्री-कूलिंगला, म्हणजे आधी थंड करायला, लागलेला असताना आणि रीफर (शीत) कंटेनर ठरलेल्या जहाजासाठी निघायचा असताना एक तासही थोडा नसतो. खरे सांगायचे तर तुमच्या व्यवसायात ‘रिव्हर्ट’पेक्षा ‘बाय इव्हनिंग’ हे शब्द मला जास्त धोक्याचे वाटतात, पण त्यांच्यावरून कोणी कोणाची शाळा काढत नाही.

‘रिव्हर्ट’ची आणखी एक खोच आहे, ती तुमच्यासारख्या कागदपत्रे पाहणाऱ्यांनी आणि संगणक क्षेत्रातल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. ‘बीएलचा (बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या मालाच्या पावतीचा) ड्राफ्ट चेक करून रिव्हर्ट करा’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा तरी बोलतो आणि ते आता मराठीच झाले आहे. पण तेच इंग्रजीत ‘चेक अँड रिव्हर्ट द ड्राफ्ट’ असे लिहिले, तर ‘मसुदा तपासा आणि पूर्वीसारखा करा’ असा अर्थ निघतो. म्हणजे बिल ऑफ लेडिंगमध्ये कन्साइनीचे (माल ज्याला पोचवायचा त्याचे) नाव तुम्ही कष्टाने दुरुस्त करून पाठवायचे आणि समोरच्याने इमानेइतबारे जुनेच नाव परत आणून ठेवायचे. सॉफ्टवेअरमध्ये तर ‘रिव्हर्ट द चेंजेस’ ही केलेले बदल पुसून टाकण्याची स्पष्ट आज्ञाच आहे. बदलांवर फक्त मत हवे असलेल्या माणसाने हे तीन शब्द प्रोग्रामरला पाठवले, तर दिवसभराचे काम रद्द व्हायला वेळ लागत नाही.

‘रिव्हर्ट बॅक’बद्दल फार लिहीत नाही. ‘रि’मध्येच ‘परत’ असल्यामुळे ‘बॅक’ जादा होतो. ‘पुन्हा परत या’ इतपतच तो दोष आहे आणि तो इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही करतात.

त्याच पंगतीत बसणारे ‘इंटिमेट’ हे क्रियापद मात्र तपासून पाहा. आपल्या कार्यालयांत ‘काइंडली इंटिमेट’ म्हणजे ‘कृपया कळवा’. ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाला त्यातून आडवळणाने सुचवणे, नुसता इशारा देणे, असा अर्थ दिसतो. ‘आम्ही शिपमेंटची तारीख तुम्हाला इंटिमेट करू’ हे वाचून त्याला वाटेल की हे लोक तारीख सांगणार नाहीत, ओळखायला लावणार आहेत. तिथेही ‘लेट यू नो’ किंवा ‘इन्फॉर्म’ सरळ आहे. नोकरीच्या अर्जात ‘काइंडली रिव्हर्ट’ लिहावे का, असे विचारणारी पत्रे मला अधूनमधून येतात, त्यांनाही हेच उत्तर: भारतातल्या कंपनीला लिहिलेत तर खपून जाईल, बाहेरच्या कंपनीला अर्ज करताना ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ पुरे.

मालकांना सांगावे का, या प्रश्नाचे दोन भाग करा. ते कंपनीत आणि भारतातल्या लोकांना जे मेल लिहितात, त्यांतला ‘रिव्हर्ट बॅक’ तुम्ही सोडून द्यावा. तो सगळ्यांना कळतो, त्याने नुकसान होत नाही, आणि मालकाची भाषा सुधारणे हे तुमच्या कामाच्या यादीत नाही. परदेशी ग्राहकांना त्यांच्या नावाने जाणाऱ्या मेलची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पैसा गुंतलेला आहे आणि एकदा तो गेलेलाही आहे. तिथेही ‘साहेब, तुमचा शब्द चुकतो’ असे म्हणण्याची गरज नाही. भाव, माल आणि तारीख यांसंबंधी वारंवार लागणारी आठ-दहा वाक्ये तुम्ही स्वतः तयार करा, ‘मागच्या वेळचा गोंधळ पुन्हा होऊ नये म्हणून ही वाक्ये ठरवून ठेवूया का?’ असे विचारा आणि ती मालकांच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. हंगामात मेल घाईघाईने, बहुतेकदा बागेतून किंवा पॅकहाउसमधून लिहिले जातात, त्या वेळी तयार वाक्य कोणालाही हवेसेच वाटते. शब्दावर वाद न होता शब्द आपोआप बदलतो.

व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर मेल पाठवला, ते चुकलेच. एका व्यक्तीच्या एका वाक्याची दुरुस्ती त्या व्यक्तीपुरती करायची असते, आणि धोरण सगळ्यांना सांगायचे असेल तर त्यात ‘शाळेत शिकायला हवे होते’ या वाक्याचे काही काम नसते. तरीही उलट सगळ्यांना मेल पाठवून ऑक्सफर्डचा दाखला देण्याचा मोह आवरा. तसे करायचे मनात असल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून सांगतो. दाखला खरा आहे, पण ‘भारतीय इंग्रजीत हे चालते’ हा मुद्दा डच ग्राहकाच्या बाबतीत तुमच्या उपयोगाचा नाही. व्यवस्थापक तेवढेच धरून बसतील. त्यापेक्षा हंगामाच्या धावपळीतून दहा मिनिटे मोकळी सापडतील तेव्हा त्यांना भेटा आणि म्हणा, ‘सर, त्या वाक्यात नेमके काय चुकले ते मला समजले, पुढे काळजी घेते. फक्त असे काही आढळले तर आधी मला बाजूला बोलावून सांगा, म्हणजे मला लगेच दुरुस्त करता येईल.’ यात माफी आहे, पण लाचारी नाही, आणि मागणी आहे, पण तक्रार नाही. ते नव्याने आलेले आहेत. आपला ठसा उमटवण्याच्या घाईत त्यांनी लिहून टाकले असण्याची शक्यता बरीच आहे. भेटीनंतरही तोच प्रकार पुन्हा घडला, तर मात्र मालकांच्या कानावर घाला आणि त्या वेळी शब्दाबद्दल न बोलता वागणुकीबद्दल बोला.

प्रत्येक मेल सहकाऱ्याकडून वाचून घेण्याची सवय मात्र लवकर मोडा. त्यातून दोघांचाही वेळ जातो आणि तुमची भीती दर मेलगणिक थोडी थोडी पक्की होत जाते. ज्या मेलमध्ये रक्कम, वजन, तारीख किंवा होकार-नकार आहे, तेवढेच दुसऱ्या नजरेखालून घाला. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) सोबत जोडले आहे, रेसिड्यू रिपोर्ट (कीटकनाशकांच्या अंशांचा अहवाल) उद्या मिळेल, असे नेहमीचे मेल वाचून घेण्यासारखे त्यांत काही नसते. वाचणाऱ्या सहकाऱ्यालाही ‘इंग्रजी बरोबर आहे का?’ असे विचारू नका. ‘हे वाचून तुला काय ठरल्यासारखे वाटते?’ असे विचारा. तुमचे ते वाक्य पहिल्या प्रश्नातून निसटले असते, दुसऱ्यातून बहुधा निसटले नसते.

राहिला क्लासचा प्रश्न. तुम्ही ज्या क्लासची चौकशी केली, तो तुमच्या वर्णनावरून बोलण्याचा सराव करून घेणारा दिसतो. तुमची अडचण बोलण्याची नाही, लिहिण्याची आहे, आणि तीही एका ठरावीक प्रकारच्या लिहिण्याची. त्यासाठीचे उत्तम पाठ्यपुस्तक तुमच्या इनबॉक्समध्येच पडून आहे. तुमच्या युरोपीय ग्राहकांचे मागच्या दोन हंगामांतले मेल उघडा आणि ते वेळ मागताना काय लिहितात, भाव नाकारताना काय लिहितात, मालाबद्दल तक्रार करताना कोणत्या शब्दांत करतात, ते एका वहीत उतरवून घ्या. जी माणसे तुमचे मेल वाचणार आहेत, त्यांच्याच तोंडची वाक्ये तुमच्या हातात येतील. एवढे करूनही क्लास लावावासा वाटला, तर एप्रिल उलटून माल जायचा थांबेपर्यंत थांबा, आणि फी भरण्याआधी तिथल्या शिक्षकांना एवढेच विचारा की मी माझे खरे मेल, नावे खोडून, दुरुस्तीला आणले तर चालतील का. ‘आमचा अभ्यासक्रम ठरलेला आहे’ असे उत्तर आले, तर पैसे भरू नका.